जॅकपाइनचं वय

माझी पहिली पोस्टिंग आणि शेवटची पोस्टिंग एकाच ठिकाणी झाली. उत्तर मिशिगन. वाळूचं सपाट मैदान, त्यावर मैलोन्‌मैल जॅकपाइनचं जंगल आणि जंगलाच्या कडेला आमचा कॅम्प. मी अकरा वर्षं गार्डमध्ये होतो. गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य. महिन्यातला एक वीकएंड वर्दी घालायची, उन्हाळ्यात दोन आठवडे सलग ट्रेनिंग करायचं, आणि पूर, बर्फ, वणवा असं काही आलं की बोलावतील तेव्हा हजर व्हायचं. बाकीचे दिवस मी डेट्रॉइटजवळ एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. परदेशात लढायला मी कधी गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मराठी मंडळात कुणीतरी काका 'हे आपले फौजी' अशी ओळख करून देतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत रणगाडे फिरायला लागतात. मी बुलडोझर चालवला.

यंदा मार्चमध्ये बेथचा फोन आला. बेथ त्या भागातली फॉरेस्टर आहे, सरकारी जंगलातला कुठला तुकडा केव्हा तोडायचा आणि केव्हा लावायचा हे ती ठरवते. ती म्हणाली, वेनचा तुकडा, म्हणजे माझा मित्र वेन जिथे गेला तो जंगलाचा भाग, या वर्षी कापायला आला आहे. कापणार, उरलेला पाला-फांद्या जाळणार आणि नवीन रोपं लावणार. तिथे एक लाकडी क्रॉस उभा आहे. वेनच्या आईला हे सरकारी पत्राने कळावं असं तिला वाटत नव्हतं. मी त्यांना सांगावं, एकदा तिथे घेऊन यावं, आणि त्या नको म्हणाल्या तर बेथ तो तुकडा तसाच सोडून दुसरा घेणार होती.

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गॅरेजमध्ये उभा राहिलो. एका आईला तिच्या मुलाची जागा जाळायची परवानगी मागायची होती. आणि ज्या माणसाने ती मागायची, त्याला ती जागा का जाळली पाहिजे हे मनापासून पटलेलं होतं. ते कसं पटलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

स्टाफ सार्जंट वेन कोस्की आमच्या कंपनीचा, म्हणजे गार्डमधल्या आमच्या तुकडीचा, मेडिक होता. एरवी तो त्याच भागातल्या गावात अँब्युलन्सवर काम करायचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. एक वर्ष युद्धावर जाऊन आलेला. त्याबद्दल तो बोलायचा नाही, पण तिथल्या सवयी त्याच्या हातापायांत होत्या. माझं देशमुख हे आडनाव त्याला पहिल्या दिवशी जमलं नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाला, "डेश. चालेल?" त्या दिवसापासून मी सगळ्यांचाच डेश झालो.

मी चौदाव्या वर्षी अमरावतीहून अमेरिकेत आलो. बर्फ, पाइन, हरणं, सगळंच मला नवीन. त्यामुळे मी बघत राहायचो. वेन त्या जंगलाच्या कडेलाच वाढला होता, पण त्याच्या लेखी पक्ष्यांच्या दोनच जाती होत्या: खायचे आणि न खायचे. मी दुर्बिणीतून एखादा चिमुकला पक्षी दाखवला की तो म्हणायचा, "ह्याचं सँडविच होत नाही, डेश." तरी दुर्बीण मागून घ्यायचा. पुढच्या वर्षी त्याने स्वतःची विकत घेतली आणि तिच्यावर युनिटचं नाव रंगवलं, म्हणजे कुणी विचारलं तर ती सरकारी कामासाठी आहे असं सांगता यावं.

माझं पहिलं जानेवारीचं ड्रिल, म्हणजे वीकएंडची हजेरी, मला लख्ख आठवतं. गोळीबाराच्या रेंजवरचा रस्ता मोकळा करायला आम्ही चौघं पायी निघालो होतो. गुडघाभर बर्फ. थंडी इतकी, की झाडांच्या खोडातलं पाणी गोठून खोडं मधेच तडकायची आणि बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज यायचा. अशातच माझ्या पुढच्या पावलाखालचा बर्फ फुटला आणि त्यातून काहीतरी तपकिरी, धडधडत, माझ्या तोंडावरून वर गेलं. मी "कॉन्टॅक्ट!", म्हणजे शत्रू समोर, असं ओरडून पालथा पडलो.

तो ग्राउझ होता. आपल्याकडच्या तित्तिराच्या कुळातला, गावठी कोंबडीएवढा पक्षी. कडाक्याच्या थंडीत तो हवेतून थेट भुसभुशीत बर्फात सूर मारतो आणि आतच झोपतो. वर थंडी कितीही पडो, बर्फाच्या आत त्याला ऊब मिळते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी बाकीचे तिघं हसून वाकले होते. वेन शांतपणे माझ्याजवळ आला, गुडघ्यावर बसला, मानेवर दोन बोटं ठेवून नाडी बघितली आणि म्हणाला, "ब्लॅक." मग उठून चालायला लागला.

मेडिक जखमींना रंगाच्या चिठ्ठ्या लावतात. चालू-बोलू शकणाऱ्याला हिरवी. थोडं थांबू शकणाऱ्याला पिवळी. ताबडतोब हात लावला तर वाचेल त्याला लाल. काळी चिठ्ठी म्हणजे गेलेला, किंवा काही केलं तरी जाणारा. काळ्यापाशी थांबायचं नसतं. लाल शोधायचा असतो. दिवसभर कंपनीत माझी 'कोंबडीने मारलेला पहिला सैनिक' अशी ख्याती झाली.

ड्रिल दर महिन्याला असल्यामुळे मला ते जंगल वर्षातून बारा वेळा, बारा तऱ्हांनी दिसायचं. रोज तिथे राहणाऱ्याला बदल हळूहळू कळतो. आम्हाला तो पुढच्या हजेरीला एकदम समोर उभा दिसायचा. फेब्रुवारीत सगळं पांढरं असतानाच चिकडी, म्हणजे मुठीत मावेल एवढा काळ्या टोपीचा पक्षी, आपला हिवाळ्यातला चिवचिवाट सोडून दोन सुरांची लांब शीळ घालायला लागतो. थर्मामीटरला काहीच ठाऊक नसतं, पण दिवस लांबतो आहे हे त्याला कळलेलं असतं. मार्चच्या ड्रिलला आकाशातून क्रौंच जायचे. आधी आवाज यायचा, बैलगाडीचं कोरडं चाक करकरतं तसा, आणि मान वर करून शोधलं तरी पक्षी दिसायला वेळ लागायचा, इतके ते उंच. फॉर्मेशनमध्ये उभं असताना मान वर करता येत नाही. वेन आणि मी डोळेच फक्त वर करायला शिकलो होतो.

एप्रिलमध्ये तोच ग्राउझ पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा बडवतो. तो आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. धप, धप, मग धपधपधप. मला दर वेळी मामाच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवायचं. हँडल मारलं की आधी दोन-चार ठोके देऊन मग ते चालू व्हायचं. मी हे वेनला सांगितलं. त्यानंतर ग्राउझ वाजला की तो म्हणायचा, "डेश, तुझ्या अंकलने पंप लावला."

मेच्या मध्याला पान फुटतं. एका ड्रिलला उघडाबोडका दिसलेला बर्च पुढच्या ड्रिलला हिरव्या धुक्यात उभा असतो. जुलैत वाळूवर ब्लूबेरी पिकतात आणि अख्खी प्लॅटून जांभळ्या जिभा लपवत फॉल-इन होते, म्हणजे रांगेत उभी राहते. ऑगस्टमध्ये जंगल अचानक गप्प होतं. पक्षी असतात, पण पिसं बदलत असतात, गाणं थांबलेलं असतं. सप्टेंबरला सगळ्यात आधी नेचे गंजतात, मग मेपल पेटतात, आणि सगळं झडून गेल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीला, दलदलीच्या कडेचा टॅमरॅक सोन्यासारखा पिवळा होतो. तो पाइनचा भाऊबंद, पण सुया गाळणारा. माझ्या पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरमध्ये त्या नागड्या झाडांना मेलेली समजून डोझरने पाडायला निघालो होतो. वेन समोर आडवा उभा राहिला. "झोपलंय ते, माणसा."

आणि या सगळ्यात एक झाड कधीच बदलायचं नाही, ते म्हणजे जॅकपाइन. बुटका, वाकडा, सदा हिरवट-राखाडी. त्याची फळं, म्हणजे शंकू, राळेने घट्ट बंद. वर्षानुवर्षं फांदीवर तशीच. मला ते झाड कंजूष वाटायचं. एका रात्री बरॅकमधल्या शेगडीच्या पत्र्यावर वेनने एक शंकू ठेवला. राळ वितळली, तड तड आवाज झाला आणि शंकू फुलासारखा उघडला. आत पंख असलेल्या बिया होत्या. आग लागल्याशिवाय हे झाड आपली पोरं तिजोरीतून बाहेर काढत नाही. वेनने ते लहानपणी बघितलं होतं. त्याच्या आईने चुलीवर दाखवलं होतं.

वणवा लागला तो मे महिन्याच्या ड्रिलला. उत्तरेकडे आगीचा खरा मोसम तोच. बर्फ गेलेला, नवीन पान आलेलं नाही, मागच्या सालचं गवत वाळून कोळ. जॅकपाइन हिरवा दिसतो, पण त्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या सुयांत पाणी सगळ्यात कमी असतं. कुणीतरी घरामागे पाला जाळत होतं. वारा उठला. दुपारपर्यंत आग जंगलात शिरली आणि आमच्या कंपनीला डोझर घेऊन या, असा निरोप आला.

तिथला प्रमुख रॉय होता. आयुष्यभर वणवे विझवलेला, राज्याच्या अग्निशमन पथकातला माणूस. त्याने पिकअपच्या मागच्या फळीवर नकाशा पसरून आम्हाला थोडक्यात समजावलं. जळून गेलेली जमीन म्हणजे 'ब्लॅक'. न जळलेली म्हणजे 'ग्रीन'. ब्लॅकमध्ये पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून तीच सुरक्षित. "एक पाय कायम ब्लॅकमध्ये ठेवा," तो म्हणाला. "गडबड झाली तर ब्लॅकमध्ये पळा. हिरव्याच्या मोहात पडू नका."

वेन त्या वेळी तिथे नव्हता. तो अँब्युलन्स घेऊन मागून येत होता.

तीनच्या सुमाराला मी डिझेल भरायला डोझर वाळूच्या रस्त्यावर आणला. रॉय तिथेच रेडिओपाशी उभा होता. आमच्या लाइनच्या, म्हणजे आग अडवायला डोझरने मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या, वरच्या टोकाला प्रायव्हेट ऑर्टिझ नावाच्या मुलाच्या डोळ्यात ठिणगी गेली होती आणि वेन त्याच्याकडे चालत गेला होता. डाव्या हाताला जळलेली, धुमसणारी जमीन. उजव्या हाताला हिरवं जंगल. मग वारा फिरला. नैर्ऋत्येकडून येत होता, तो वायव्येकडून यायला लागला. इतका वेळ आगीची जी बाजू होती, ती तिचं तोंड झाली.

रॉयने रेडिओ उचलला. "कोस्की, ब्लॅककडे जा. ब्लॅककडे जा, आत्ता."

उत्तर यायला क्षण लागला. वेनचा आवाज नेहमीसारखाच होता. कामातला.

"ब्लॅक असू दे. रेड किती?"

रॉय हातातल्या रेडिओकडे बघायला लागला. त्याच्या दृष्टीने हे वाक्य वेडेपणाचं होतं. "काय म्हणतोय हा?"

मला दोन्ही भाषा कळत होत्या. वेनने ऐकलं होतं की कुठेतरी माणसं पडली आहेत. आणि मेडिक म्हणून तो बरोबर तोच प्रश्न विचारत होता, जो त्याला विचारायला शिकवलं होतं: गेलेल्यांचं सोडा, वाचवण्यासारखे किती आहेत? मी रॉयच्या हातातून रेडिओ घेतला.

"वेन, डेश बोलतोय. जखमी कुणी नाही. जळलेली जमीन. तुझ्या डावीकडे, जळलेल्या जमिनीवर पळ."

"रॉजर," तो म्हणाला.

पुढचं ऑर्टिझने सांगितलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. वेनने त्याची कॉलर धरून त्याला पळवत नेलं आणि गुडघाभर ज्वाळांच्या कडेवरून पलीकडे ढकललं. ऑर्टिझ गरम राखेत तोंडावर पडला. त्याचे हात भाजले, पण तो वाचला. मधे धूर आला. वेन अलीकडे राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो जिथे होता आणि ऑर्टिझ जिथे पडला होता, त्यात एका दिवाणखान्याएवढं अंतर होतं.

चौकशी झाली. कुणाचाही दोष निघाला नाही. माझाही नाही. मी ते क्षण पुष्कळदा पुन्हा चालवून बघितले. टेस्टिंगचं काम करणाऱ्या माणसाला तीच सवय असते. मलाही माझा दोष सापडला नाही. तेव्हापासून गार्ड आणि अग्निशमन, दोन्हीकडच्या ब्रीफिंगमध्ये 'ब्लॅक' हा शब्द एकटा वापरत नाहीत, 'जळलेली जमीन' असं म्हणतात. मला जे ओझं आहे ते या दिवसाचं नाही. ते त्यानंतरच्या वर्षांचं आहे.

त्याच जुलैत आम्ही तिथे क्रॉस लावला. ऑर्टिझ, मी आणि वेनची आई. काळी जमीन, काळे खांब, राखेचा वास.  मी क्रॉसभोवती वाळू दाबायला वाकलो, तेव्हा मला राखेत हिरवं काहीतरी दिसलं. काडीएवढं, वर पाच-सहा सुयांचा तुरा. मग दुसरं. मग कळलं की आपण त्यांच्यातच उभे आहोत. सगळ्या तिजोऱ्या उघडल्या होत्या. मी पाय उचलून ठेवायला लागलो. कुणाला बोललो नाही.

त्यानंतर दर वर्षी जूनमध्ये मी एकटा जायला लागलो. घरी सगळे समजायचे की मी वेनसाठी जातो. अनघा, माझी बायको, त्या दिवशी घरात गोड करत नाही. मी तिथे जाऊन काय करायचो, तर बघायचो. पहिल्या वर्षी जळक्या खोडांवर सुतार पक्षी आले. पाठ काळी कुळकुळीत, खोडात मिसळून जाणारी, फक्त ठकठक ऐकू यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ब्लूबेरी अशी आली, की वाळू दिसेना. काळ्या बुंध्यावर निळा ब्लूबर्ड बसलेला मी तिथेच प्रथम बघितला, आणि तो निळा रंग काळ्यावाचून इतका निळा दिसला नसता. पाइनची रोपं घोट्यापर्यंत आली, गुडघ्यापर्यंत आली. ज्या वर्षी ती माझ्या छातीला लागली, त्या वर्षी मी गाडीचं दार उघडलं आणि तो ऐकू आला.

त्याला तिथले जुने लोक जॅकपाइन बर्ड म्हणतात. वॉर्बलरच्या जातीचा, आपल्याकडे ज्यांना वटवट्या म्हणतात तसा. निळसर राखाडी पाठ, पिवळी छाती, शेपूट सारखी खालीवर. एवढासा जीव, पण आवाज भरदार. खालून सुरू होऊन वर चढत जाणारा, घाईचा, आनंदी. तो हिवाळा बहामाच्या बेटांवर काढतो आणि मेमध्ये समुद्र ओलांडून येतो. आणि जगात घरटं करायला त्याला चालतं काय, तर वाळूवर उगवलेला कोवळा जॅकपाइन. घरटं जमिनीवर, सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्या आडोशाला. म्हणजे आगीनंतर सहा-सात वर्षांनी येणार, झाडं उंच होऊन खालच्या फांद्या वाळल्या की निघून जाणार. मी त्या दिवशी पाच नर मोजले. संध्याकाळपर्यंत काही न खाता बसलो होतो. मला इतका आनंद क्वचित कधी झाला असेल.

मग परतताना क्रॉस दिसला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ते जंगल त्या आगीतून आलं होतं. वारा फिरला नसता, तर आग तिथवर पोहोचली नसती, वेन जेवायला घरी गेला असता आणि तिथे एकही वटवट्या गायला नसता. मला यातली एक गोष्ट दुसरीपासून सोडवता यायची नाही. मी मित्राच्या मरणाच्या जागी जाऊन सुखी होत होतो. तिथून मिसेस कोस्कींकडे जायचो, त्या मांस-बटाटा भरलेली पास्टी करायच्या, करंजीसारखीच पण तळहातापेक्षा मोठी. त्यांच्या दाराची बेल वाजवण्याआधी मी गाडीच्या आरशात बघून चेहरा नीट करायचो. उदास करायचो, असंच म्हणायला पाहिजे.

या जूनमध्ये मी त्यांना घेऊन गेलो. त्या आता एक्क्याऐंशीच्या आहेत. काठी, दोन्ही कानांत यंत्रं, डोकं एकदम साफ. रस्त्यात मी सगळं सांगितलं. कापणार, जाळणार, लावणार. त्या ऐकत होत्या.  "आधी बघू दे," एवढंच म्हणाल्या.

बेथ रस्त्यावर थांबली होती. वेनच्या तुकड्यातली झाडं आता माझ्या दुप्पट-तिप्पट उंच होती, एकमेकांना चिकटून. खाली अंधार, वाळक्या फांद्यांचं जाळं. क्रॉसपर्यंत पोहोचायला बेथला फांद्या मोडत पुढे जावं लागलं. मिसेस कोस्की तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. एकही पक्षी नव्हता. वाऱ्याचा आवाजसुद्धा वरच्या वर जात होता.

मग बेथने आम्हाला पलीकडच्या तुकड्यावर नेलं. सहा-सात वर्षांपूर्वी लावलेला, छातीपर्यंतची झाडं, ऊन खाली वाळूपर्यंत. गाडीतून उतरलो आणि नर गायला. मिसेस कोस्की थांबल्या. त्यांनी एका कानातलं यंत्र चाचपलं.

"हे मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "चिकडी ऐकून मला कित्येक वर्षं झाली. बारीक आवाज गेलेच सगळे. हा कोण?"

मी सांगितलं.

"वेनच्या इथे का नाही?"

"झाडं मोठी झाली. त्याला लहान झाडं लागतात."

"म्हणजे आधी होते."

"होते, मॅम. पुष्कळ वर्षं."

"आणि तू दर जूनला ऐकायचास."

पुन्हा तो गायला. मला वाटलं, आता बोललो नाही तर परवानगी मागायचा मला हक्क नाही.

"मिसेस कोस्की, मी इथे रडायला येत नव्हतो. मला इथे फार आनंद व्हायचा. दर वर्षी. तुमच्या दारात मी चेहरा बदलून यायचो."

त्या माझ्याकडे न बघता पक्ष्याच्या दिशेने बघत होत्या. तो एका शेंड्यावर बसून शेपूट हलवत होता.

"ते मला पहिल्याच वर्षी कळलं," त्या म्हणाल्या. "दुःखी माणूस तीन पास्ट्या खात नाही."

बेथने मान दुसरीकडे वळवली. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास. बाकी सगळे माझ्या दारात टोपी काढून यायचे, डेश. आवाज खाली करून. वेनच्या जागेवरून वर्षातून एकदा एक तरी माणूस उन्हात भाजून, भूक लागून यायचा. आता तो मी घालवायचा का?"

 उत्तराची वाट न बघता त्यांनी बेथला विचारलं, कधी कापणार. बेथ म्हणाली, या भागातली पिल्लं उडून गेल्यावर, ऑगस्टनंतर. नवीन रोपं वसंतात. क्रॉस ती काढून ठेवील आणि लागवड झाली की पुन्हा त्याच जागी उभा करील.

"पुन्हा नको," मिसेस कोस्की म्हणाल्या. "मधे खांब असला की मशीन वळवताना अडचण होते. होते ना, डेश?"

"होते, मॅम."

"मग नको. आणि तो तुकडा नीट जाळा. अर्धवट जाळलं तर ते शंकू उघडत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "तो दिवस मला आधी कळवा. मी त्या दिवशी खिडक्या बंद ठेवीन."

बेथ म्हणाली, कळवते. एवढंच झालं. तिने फोनवर काहीतरी नोंदवलं आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर माझ्या विंडशील्डवर पिवळी भुकटी साचली होती. जूनच्या सुरुवातीला जॅकपाइन पराग सोडतात. वारा आला की झाडांच्या शेंड्यांवरून पिवळा धूर निघाल्यासारखा दिसतो, डबक्यांना पिवळी कड येते. मी वायपर लावला. मिसेस कोस्की त्या भुकटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, वेनबद्दल त्यांना माहीत नसलेलं काहीतरी सांग. इतक्या वर्षांत त्यांच्याजवळचं सगळं सांगून, ऐकून संपलं होतं.

मी सांगितलं. वेनला पाइनच्या परागांची अ‍ॅलर्जी होती, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. पण हे माहीत नव्हतं. एका वर्षी उन्हाळी ट्रेनिंगच्या पहिल्या सकाळी कंपनी रस्त्यावर फॉल-इन झाली होती आणि पलीकडच्या जंगलावर ऊन येताच, एका झुळकीत, सगळ्या शेंड्यांनी एकदम पराग सोडले. अख्खं जंगल उन्हात पिवळं धूसर झालं.  वेन माझ्या शेजारी उभा होता. नाक लाल, डोळे सुजलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि सावधानमध्ये असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. आमचा फर्स्ट सार्जंट रांगेतून चालत आला, त्याच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "कोस्की, तू रडतोयस?"

"नाही, फर्स्ट सार्जंट," वेन म्हणाला. "बघतोय."